प्रतिवादी गैरहजर

‘प्रतिवादीस समन्स बजावले. पुकारा केला असता गैरहजर. दावा त्याच्याविरुद्ध एकतर्फी चालवण्यात यावा.’

दिवाणी कोर्टाच्या रोजनाम्यात एवढे लिहायला अर्धे मिनिट लागते. नव्या वकिलाला वाटते, जिंकलो. जुना वकील हरखत नाही. अशा ओळीवर उभा राहिलेला हुकूमनामा वर्षांनी रद्द होऊन दावा पुन्हा पहिल्या पायरीवर आलेला त्याने पाहिलेला असतो, आणि तोवर वादीचा मुख्य साक्षीदार बहुधा वारलेला असतो.

०

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत गैरहजेरीसाठी एक अख्खा आदेश आहे, नववा. वादी-प्रतिवादी दोघेही आले नाहीत तर दावा काढून टाकता येतो. प्रतिवादी आला आणि वादी आला नाही तर दावा जातोच, शिवाय त्याच कारणावर नवा दावा लावता येत नाही. वादी आला, प्रतिवादी आला नाही, तर मात्र लगेच निकाल नाही; दावा एकतर्फी चालतो. ‘चालतो’ हा शब्द पक्षकार विसरतात. वादीला पुरावा द्यावाच लागतो. प्रतिवादीची कैफियत, म्हणजे लेखी जबाब, आली नाही म्हणून डोळे मिटून हुकूमनामा देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली स्पष्ट बजावले आहे.

व्यवहारात काय होते? सरतपासणी शपथपत्रावर येते. उलटतपास नाही. कागदांवर निशाण्या पडतात, युक्तिवाद दहा मिनिटांत उरकतो. खरे पाहता अशा दाव्यात न्यायाधीशाचे काम दुप्पट असते, कारण नसलेल्या वकिलाचे प्रश्नही त्यानेच विचारायचे असतात. त्याला वेळ मिळतो निम्मा. निकाली काढलेल्या दाव्यांचा आकडा दरमहा वर पाठवायचा असतो, आणि त्या आकड्यात दोन्ही बाजू ऐकून दिलेला निकाल आणि एकच बाजू ऐकून दिलेला निकाल शेजारी शेजारी बसतात.

०

एकदा एकतर्फी हुकूम झाला म्हणजे प्रतिवादीला दार कायमचे बंद, असा समज वकिलांतही असे. तो १९५५ साली न्या. व्हिव्हियन बोस यांनी संग्राम सिंह यांच्या निवडणूक खटल्यात मोडून काढला. बोस नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, तिथून ते सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे: गैरहजेरीचा परिणाम त्या तारखेपुरता. पुढच्या तारखेला माणूस उभा राहिला तर तिथून पुढच्या कामात त्याला भाग घेता येतो. मागे झालेले काम पुन्हा उघडायचे असेल तर मात्र गैरहजेरीचे योग्य कारण दाखवले पाहिजे. प्रक्रियेचे नियम माणसाला पाय अडकून पाडण्यासाठी केलेले नाहीत, हा त्या निकालाचा सूर. सत्तर वर्षे झाली, तरी तालुक्याच्या कोर्टात ‘तुमचं आता काही ऐकता येणार नाही’ हे वाक्य ऐकू येते.

०

निशाणी ५. महाराष्ट्रातल्या कोणत्याही दिवाणी कोर्टात हे दोन शब्द उच्चारले की पुढे काही सांगावे लागत नाही. दाव्यासोबत आलेला तात्पुरत्या मनाईचा अर्ज. दावा वीस वर्षे चालेल, पण निशाणी ५ वर काय झाले हे गावात संध्याकाळपर्यंत कळते. बांध, रस्ता, विहीर, भावकीची वाटणी, बिल्डरचे कुंपण. सगळ्यांचा जीव त्या अर्जात.

कायद्याचा नियम असा की मनाई देण्याआधी समोरच्याला नोटीस द्यायची. अपवाद एकच: नोटीस देण्यात जो उशीर जाईल त्यानेच मनाईचा हेतू फसणार असेल तर. उद्या सकाळी झाड तोडणार, आज रात्री भिंत पाडणार, परवा खरेदीखत होणार. अशा वेळी एकतर्फी मनाई देता येते. पण १९७६ च्या दुरुस्तीने तिला तीन बंधने घातली. न्यायाधीशाने कारणे लिहायची. वादीने अर्ज, शपथपत्र, दाव्याची प्रत आणि कागदपत्रे ताबडतोब समोरच्याकडे धाडायची आणि धाडल्याचे शपथपत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करायचे. आणि कोर्टाने तीस दिवसांत अर्जाचा अंतिम निर्णय करण्याचा प्रयत्न करायचा, जमले नाही तर का जमले नाही ते लिहायचे.

आता प्रत्यक्ष. कारणांच्या जागी ‘अर्ज व शपथपत्र वाचले, प्रथमदर्शनी बाब दिसते, विलंबाने हेतू विफल होईल’ अशी ठरीव वाक्ये. हीच वाक्ये विहिरीच्या दाव्यात आणि हीच फ्लॅटच्या दाव्यात. कागद धाडल्याचे शपथपत्र पुढच्या तारखेला, कधी त्याच्याही पुढच्या. तीस दिवसांचे तर विचारूच नका. कारणे लिहिणे हा उपचार नाही, ती अट आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या एका प्रकरणात १९९३ साली सांगितले. तीस दिवस उलटूनही खालचे कोर्ट हलले नाही तर अंमलात असलेल्या एकतर्फी मनाईविरुद्ध थेट अपील करता येते, हे २००० साली सांगितले. दुसरी गोष्ट फार थोड्या पक्षकारांना ठाऊक असते. त्यांचे वकील ‘से (लेखी म्हणणे) देऊ, मग बघू’ म्हणत तारखा घेत राहतात, आणि तोवर मनाई चालू असते.

मे महिन्याच्या सुट्टीआधीचा आठवडा आणि दिवाळीच्या सुट्टीआधीचा आठवडा या अर्जांचा हंगाम. सुट्टीच्या तोंडावर मिळालेली मनाई पूर्ण सुट्टीभर टिकते, हे वकील जाणतो, पक्षकार जाणतो आणि न्यायाधीशही जाणतात.

मनाई मोडणाऱ्याला मालमत्तेची जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. आपली बाजू मांडायची संधी न मिळालेल्या माणसालाही हुकूम पाळावाच लागतो. आधी पाळायचा, मग उठवायला जायचे. हे गावकऱ्याला समजावून सांगणे अवघड जाते आणि ते साहजिक आहे.

०

समोर कोणी नसताना कोर्टात उभा राहणाऱ्यावर एक जादा जबाबदारी असते: आपल्या विरुद्ध जाणारी गोष्टही आपणच सांगायची. ही जबाबदारी ज्या निकालावरून आजही सांगितली जाते तो १९१७ सालचा इंग्लंडमधला आहे. प्रिन्सेस एदमाँ द पॉलिन्याक यांनी आयकर आयुक्तांविरुद्ध एकतर्फी हुकूम मिळवला. नंतर दिसून आले की लंडनमधल्या घराविषयी आणि वास्तव्याविषयी शपथपत्रात पुरते खरे सांगितलेले नव्हते. न्यायालयाने मूळ मुद्द्यात शिरायलाच नकार दिला. लपवलेत, म्हणून हुकूम रद्द. या बाई म्हणजे शिवणयंत्रवाल्या सिंगर घराण्यातल्या विनरेटा सिंगर, पॅरिसच्या संगीतविश्वाच्या मोठ्या आश्रयदात्या. संगीताच्या इतिहासात त्यांचे स्थान वेगळे, कायद्याच्या पुस्तकात वेगळे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हा दाखला एकाहून अधिक वेळा घेतला आहे.

माझे मत: मनाईच्या अर्जात एक परिच्छेद सक्तीचा करावा. ‘प्रतिवादी हजर असता तर त्याने काय म्हटले असते.’ पूर्वीची नोटीस, जुना दावा, तलाठ्यापुढची हरकत, ग्रामपंचायतीतली तडजोड, सगळे त्यात यावे. खोटे निघाले तर मनाई तिथेच संपावी. नवा कायदा नको; चांगले न्यायाधीश आजही हे तोंडी विचारतात.

०

एकतर्फी हुकमाला सरसकट नावे ठेवणाऱ्यांनी कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा वाचावा. कलम २३ खाली बाईच्या शपथपत्रावर दंडाधिकारी त्याच दिवशी एकतर्फी संरक्षण आदेश देऊ शकतो. मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रात्री घराबाहेर काढलेल्या बाईने नवऱ्याला नोटीस पाठवून दोन आठवडे थांबायचे, तर त्या दोन आठवड्यांत तिने राहायचे कुठे? नोटीस हाच धोका असतो. इथे आधी हुकूम, मग सुनावणी, हाच क्रम बरोबर आहे. अडचण पुढे आहे. नवरा हजर झाल्यावर सुनावणी झटपट व्हावी, तर ती होत नाही. मग हुकूम मिळालेली बाईही लटकते आणि तोही.

०

समन्सचा कागद कोर्टातून निघतो तो नाझराकडे जातो, नाझराकडून बेलिफाकडे. एका बेलिफाच्या पिशवीत चार-पाच गावांचे कागद. वाडीवर एसटी दिवसातून दोनदा. प्रतिवादी रानात गेलेला. घरी म्हातारी आणि कुलूप.

इथून पुढे संहितेचा पाचवा आदेश सुरू होतो. माणूस भेटला तर त्याची सही. नाही भेटला तर घरातल्या सज्ञान व्यक्तीकडे द्यायचे. १९७६ च्या दुरुस्तीपर्यंत तिथे ‘सज्ञान पुरुष’ असे होते. घरची बाई दावा लावू शकत होती, तिच्यावर दावा लावता येत होता, पण नवऱ्याचे समन्स तिच्या हातात देता येत नव्हते. फौजदारी समन्सच्या बाबतीत तर हा ‘पुरुष’ २०२४ च्या जुलैपर्यंत टिकला. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली तेव्हा गेला. घरगड्याकडे किंवा मोलकरणीकडे समन्स दिलेले मात्र चालत नाही. नोकर कुटुंबात धरलेला नाही.

कोणीच घेतले नाही तर दाराला डकवायचे, पंचांच्या सह्या घ्यायच्या, अहवाल लिहायचा. ‘समन्स घराच्या दर्शनी भागी डकवले.’ पावसाळ्यात ते किती वेळ टिकते हे अहवालात येत नाही. काही अहवाल कोर्टाजवळच्या हॉटेलात बसून लिहिले जातात ही कुजबुज प्रत्येक तालुक्यात आहे. म्हणूनच संहितेत अशीही तरतूद आहे की शंका वाटल्यास बेलिफाला शपथेवर तपासावे. ते होताना क्वचित दिसते.

शेवटचा उपाय वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस. माणूस शेवटी जिथे राहत होता त्या भागात खपणाऱ्या दैनिकात ती द्यायची असते. स्वस्तात पडते म्हणून कधीही कोणाच्या हाती न दिसणाऱ्या दैनिकात दिलेल्या नोटिसा मी पाहिल्या आहेत. लहान टाइप, आतले पान, शेजारी हरवलेल्या दस्ताची जाहिरात.

टपालाचेही असेच. ‘घेण्यास नकार’ हा शेरा कोर्ट बजावणी मानते. ‘घर बंद’ वर वाद होतो. बंद घरावर ‘नकार’ पडला आणि हुकूमनामा झाला, अशा हकिगती रद्द करण्याच्या अर्जांत नेहमी भेटतात. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस पोचल्याचे मान्य केले: संदेश पोचला होता आणि जोडलेली फाइल उघडली गेल्याचे निळ्या खुणांवरून दिसत होते. दार लावून घेणाऱ्यांची सोय त्या दिवशी थोडी कमी झाली.

०

१२ मे १८७५. भीमथडी तालुक्यातले सुपे, आता बारामती तालुक्यात. कुणब्यांनी सावकारांची घरे-दुकाने घेरली. त्यांना धान्य-दागिन्यांपेक्षा कागद हवे होते: कर्जरोखे आणि कोर्टाचे हुकूमनामे. मिळाले ते जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत हे पसरले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याच्या अहवालात एकतर्फी हुकूमनाम्यांची गोष्ट ठळक आहे. सावकारांच्या दाव्यांतले बहुसंख्य निकाल कुणबी हजर नसतानाच होत. कोर्ट लांब, वाचता येत नाही, समन्स पोचलेच असेल असे नाही, पोचले तरी सावकार म्हणणार, तू कशाला येतोस, आपण आपसात मिटवू. आणि गेला तरी सांगणार काय? रोख्यावर अंगठा त्याचाच. हातात प्रत्यक्ष किती पैसे पडले, किती व्याज मुद्दलात मिळवून रोखा नवा केला, हे विचारणारा कोणी नव्हता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने दर तीन वर्षांनी रोखा नवा करणे भाग पडले, आणि दर नव्या रोख्यात मागचे व्याज मुद्दल होऊन बसले.

१८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना. त्यातले दोन नियम आजही वाचण्यासारखे आहेत. एक, न्यायाधीशाने प्रतिवादीला स्वतः तपासायचे. गरज नाही असे वाटले तर तशी कारणे लिहायची. दोन, रोख्याच्या मागे जाऊन देण्याघेण्याचा सगळा इतिहास पाहायचा, मग कबुलीची सही असो वा नसो. ‘प्रतिवादी आला नाही’ एवढ्यावर भागत नव्हते. या कायद्याखाली खालच्या कोर्टांवर देखरेख करणाऱ्या न्यायाधीशांत महादेव गोविंद रानडेही होते.

दिवाणी कायद्याच्या अभ्यासक्रमात हा कायदा आता कोणी शिकवत नाही. इतिहासवाले दंगा शिकवतात, कायदेवाले संहिता शिकवतात. हुकूमनामे का जाळले ते मधल्या मध्ये राहून जाते.

०

नारदस्मृतीत ‘आसेध’ आहे, म्हणजे वादीने प्रतिवादीला निकाल लागेपर्यंत घातलेला अटकाव. त्याचे चार प्रकार: अमुक जागा सोडायची नाही, अमुक काळापर्यंत, प्रवासाला जायचे नाही, अमुक काम करायचे नाही. चौथा प्रकार म्हणजे आपली निशाणी ५ च. पण पुढे नारद एक यादी देतो, कोणाला असे अडवू नये याची. लग्नाला निघालेला, आजारी, यज्ञाला बसलेला, संकटात सापडलेला, गुरे चारणारा गुराखी, ऐन कामातला कारागीर, लढाईवरचा सैनिक आणि पेरणीच्या वेळचा शेतकरी.

जूनमधल्या तारखांना आमच्या कोर्टात कोण गैरहजर असते, ते बोर्डावरून कोणीही काढू शकेल. वाफसा एकदाच येतो. कोर्टाची तारीख पुन्हा मिळते, असे शेतकऱ्याला वाटते.

०

मराठेशाहीतला निवाडा आजच्याहून सैल होता, वेळखाऊ होता, वतनदारांच्या कलाने झुकणारा होता. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण त्याची एक रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. अग्रवादी आणि पश्चिमवादी दोघांकडून आधी राजीनामे घेत, म्हणजे सभा जे ठरवील ते मान्य. जामीन घेत. मग दोघांच्या तकरिरी. निवाडा झाल्यावर जिंकणारा हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी भरी, आणि हरणाऱ्याकडून येजितखत लिहून घेत: मी हरलो, पुन्हा हे भांडण उकरणार नाही. हरलेल्याच्या सहीशिवाय निवाडा पुरा होत नसे. न येणाऱ्याला आणायला प्यादा जाई आणि त्या प्याद्याचा ‘मसाला’ न येणाऱ्याकडूनच वसूल होई. वि. त्र्यं. गुणे यांच्या १९५३ सालच्या ग्रंथात हे सगळे कागदपत्रांवरून मांडले आहे.

समन्स टाळणाऱ्याकडून बेलिफाच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचा खर्च घेण्याची कल्पना मला तरी वाईट वाटत नाही.

०

अशोक कुमार नावाच्या माणसाविरुद्ध भारतात असंख्य एकतर्फी हुकूम झाले आहेत आणि तो एकदाही कोर्टात आलेला नाही. तो अस्तित्वातच नाही. इंग्रजी कोर्टांतल्या जॉन डोचे हे भारतीय नाव. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी चोरून प्रक्षेपण करणाऱ्या अज्ञात केबलवाल्यांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाने असा हुकूम दिला, आणि पुढे चित्रपट निर्माते प्रदर्शनाच्या आधी तो घेऊ लागले. चोर कोण हे ठाऊक नाही, म्हणून नोटीस कोणाला द्यायची हाही प्रश्न नाही.

२०१६ साली ‘ढिशूम’ चित्रपटाच्या वेळी मुंबई उच्च न्यायालयात न्या. पटेल यांनी सरसकट संकेतस्थळे बंद करायला नकार दिला. एकेक दुवा तपासून, शपथेवर द्या, म्हणाले. आणि बंद केलेल्या पानावर असा मजकूर दाखवायला लावला की ज्याचे नुकसान होत असेल त्याला कोर्टाकडे कसे यायचे ते कळावे. म्हणजे न आलेल्या, नाव नसलेल्या माणसालाही दार दाखवून ठेवले. निशाणी ५ च्या हुकमाखाली अशी एक ओळ का नसावी? ‘हा हुकूम उठवण्यासाठी अमुक तारखेला या.’

०

२१ फेब्रुवारी २०२४ ला ब्लूमबर्गने झी एंटरटेनमेंटबद्दल एक लेख छापला. १ मार्चला दिल्लीच्या कनिष्ठ न्यायालयाने तो एकतर्फी उतरवायला लावला. १४ मार्चला उच्च न्यायालयाने ते कायम केले. २२ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही हुकूम रद्द केले. खालच्या हुकमात प्रथमदर्शनी बाब, सोयीचा तोल, न भरून येणारे नुकसान हे तीन शब्दप्रयोग होते. ते या प्रकरणाला कसे लागू पडतात याची चर्चा नव्हती. सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितले की लेखावर सुनावणीआधी बंदी अगदी अपवादानेच घालावी, कारण दावा निकाली निघेपर्यंत ती बंदी लेखाची मृत्युदंडाची शिक्षा ठरू शकते.

तीन आठवड्यांत दिल्लीतल्या तिन्ही पायऱ्या चढायची ऐपत ब्लूमबर्गकडे होती. जिल्ह्याच्या साप्ताहिकाचा संपादक पहिल्या पायरीवरच लेख उतरवतो.

०

परदेशातला एकतर्फी घटस्फोट. अमेरिकेतल्या कोर्टाचा शिक्का असलेला लिफाफा पुण्या-नागपूरच्या माहेरी येतो आणि घरातले सगळे समजतात, संपले. संपलेले नसते. मिसुरी राज्यातल्या अशा एका हुकूमनाम्यावर १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लग्न ज्या कायद्याखाली झाले त्या कायद्यानुसार त्या कोर्टाला अधिकार आणि घटस्फोटाला ते कारण असले पाहिजे, किंवा दुसऱ्या बाजूने स्वखुशीने त्या कोर्टापुढे येऊन दावा लढलेला असला पाहिजे. नुसती नोटीस पाठवली होती हे पुरत नाही. लिफाफा फाडून टाकू नका, फाइलला लावा. उत्तर पाठवण्याआधी मात्र वकिलाला विचारा. घाईने दिलेले उत्तर हजेरीत मोजले जाण्याचा धोका असतो.

०

ग्राहक आयोगात चित्र उलटे. तिथे गैरहजर राहतात त्या विमा कंपन्या आणि बिल्डर. म्हणणे द्यायला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. त्यापुढे एक दिवसही नाही, हे घटनापीठाने ४ मार्च २०२० ला पक्के केले. मोठ्यांना मुदत पाळायला लावणारा नियम टिकला याचे बरे वाटते.

०

कॅव्हेट. कलम १४८ अ, १९७६ च्या त्याच दुरुस्तीतले. ‘माझ्याविरुद्ध अर्ज आला तर मला ऐकल्याशिवाय हुकूम करू नका.’ नव्वद दिवस चालते, मग नवे करावे लागते. खर्च किरकोळ. तरी ते करते कोण? बँका, महापालिका, बांधकाम कंपन्या. वाटणीवरून वाजलेल्या भावाला ते ठाऊक नसते. ज्याला बातमी लागते की सख्खा चुलतभाऊ तालुक्याला वकिलाकडे जाऊन आला, त्याने त्याच आठवड्यात कॅव्हेट करावे. एकतर्फी मनाई उठवायला जो पैसा आणि जितक्या तारखा लागतात, त्याच्या मानाने हे काहीच नाही.

०

हुकूमनामा झाल्यानंतरचे. वादी दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावतो. हुकूमनाम्याला दोन वर्षे उलटून गेली असतील तर दरखास्तीची नोटीस प्रतिवादीला द्यावी लागते. दोन वर्षांच्या आत लावली तर साधारणपणे लागत नाही. त्यामुळे काही माणसांना आपल्यावर दावा झाला होता हे प्रथम कळते ते बेलिफ ताब्याचे वॉरंट घेऊन दारात आल्यावर.

रद्द करून घेण्याची मुदत तीस दिवस. समन्स नीट बजावले असेल तर हुकूमनाम्याच्या तारखेपासून, बजावलेच नसेल तर कळल्या दिवसापासून. वर्तमानपत्रातली नोटीस या मुदतीसाठी ‘नीट बजावणी’ धरली जात नाही. पण तारीख ठाऊक होती, यायला पुरेसा वेळ होता, आणि केवळ बजावणीत बारीक चूक आहे, एवढ्यावर हुकूमनामा रद्द होत नाही. म्हणजे ‘मी सही केली नव्हती’ हा बचाव बहुतेक वेळा पडतो.

अपीलही करता येते. दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, पण अपील मागे घेण्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही कारणाने निकाली निघाले की रद्द करण्याचा अर्ज बंद होतो. आधी अर्ज की आधी अपील, हा निर्णय घाईत घेऊ नये.

आणि नवव्या आदेशाचा चौदावा नियम: एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचा असेल तर वादीला नोटीस दिलीच पाहिजे. एकतर्फी झालेले एकतर्फी मोडता येत नाही. संहिता लिहिणाऱ्याने हा नियम लिहिताना हसू दाबले असेल का, असे कधी कधी वाटते.

०

बेलिफ आला तर समन्स घ्या. घेतल्याने कर्ज कबूल होत नाही, जमीन जात नाही. वरची तारीख वाचा. पहिल्या तारखेपासून नव्हे, समन्स हाती पडल्यापासून कैफियतीचे तीस दिवस सुरू होतात, आणि रकमेच्या समरी दाव्यात हजेरीला दहाच दिवस मिळतात. भाडेकराराची मुदत संपल्याच्या कारणावरून सक्षम प्राधिकाऱ्याचे समन्स असेल तर तीस दिवसांत बचावाची परवानगी मागितली नाही की मालकाचे म्हणणे मान्य धरले जाते. दाव्याचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक फोनवरच्या ई-कोर्ट्स अ‍ॅपमध्ये घातला की दावा कुठवर आला ते घरबसल्या दिसते. तिथे तुमच्या नावापुढे एकतर्फी दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता अर्ज द्या. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, तिचे कार्यालय बहुधा कोर्टाच्या आवारातच असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार यांना तिथे वकील फुकट मिळतो आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही.